स्लो धरत नाही

चोकची मूठ हाताला गरम लागली तेव्हा मला आधी वाटले की आपल्यालाच कणकण आली असावी. जुलैमधली सकाळ होती, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगवरच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता, आणि अण्णांची जुनी पद्मिनी गाडी सुरू करण्याचा माझा सातवा की आठवा प्रयत्न चालू होता. सेल्फ मारला की इंजिन कुरकुरत दोन फेरे घेई आणि तिसऱ्याला अडखळून थांबे. थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल मिळावे म्हणून चोक पूर्ण ओढून मी ती मूठ तशीच धरून बसले होते. चौथ्या-पाचव्या सेल्फनंतर तिची दांडी कोमट लागली, आणि आठव्यानंतर बोट ठेववेना. चोकची तार म्हणजे डॅशबोर्डपासून, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरपर्यंत गेलेली, आवरणात पुढेमागे सरकणारी साधी पोलादी तार. विजेशी तिचा काडीचाही संबंध नाही. मग ती तापते कशी, या प्रश्नापाशी मी गाडीतून उतरले आणि खऱ्या अर्थाने गाडीच्या नादी लागले.

उत्तर मिळाले ते सोपे होते, पण सापडेपर्यंत दोन दिवस गेले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, त्यामुळे धक्के बॉडीपर्यंत जात नाहीत, आणि वीजही जात नाही. म्हणून बॅटरीच्या अर्थिंगपासून इंजिनपर्यंत वीज परत यावी यासाठी तांब्याच्या तारांची, वेणीसारखी विणलेली एक पट्टी बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये बसवतात. आमच्या पट्टीचे एक टोक हिरवे पडून भुगा झाले होते. सेल्फला शंभर अँपिअरच्या वर वीज लागते, आणि इतकी वीज वाट बंद झाली म्हणून परत फिरत नाही. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारा जो कोणता धातू सापडेल त्यातून ती जाते. आमच्या गाडीत तिला चोकची तार सापडली. मुलाचा मल्टिमीटर घेऊन एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटाला आणि दुसरे इंजिनच्या लोखंडाला लावले आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले. तिथे काही दशांश व्होल्टच्या वर आकडा दिसता कामा नये, मला जवळजवळ दोन व्होल्ट दिसले. म्हणजे बारा व्होल्टमधले दोन त्या गंजलेल्या पट्टीतच खर्च होत होते, सेल्फ तेवढा अशक्त होत होता, आणि त्याच वेळी कॉइललाही कमी वीज मिळत असल्यामुळे प्लगची ठिणगी पिवळट आणि मरतुकडी होती. दोन्ही टोकांखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, नवी पट्टी लावली, वर व्हॅसलिन चोपडले. इंजिन पहिल्या सेल्फला फिरले, आणि दुसऱ्याला लागले.

इतक्यावर हा लेख संपला असता तर बरे झाले असते. पण सुरू होणे वेगळे आणि सुरू राहणे वेगळे.

गाडी १९८६ सालची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तयार होत असे, आणि तीच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, वर एक कार्बोरेटर, आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नंबर लावून वाट पाहून ती घेतली, आणि ते असेतोवर ती नौपाडा ते वागळे इस्टेट आणि वर्षातून एकदा नौपाडा ते चिपळूण एवढीच फिरली. अण्णा गेल्यावर ती चार वर्षे पत्र्याखाली उभी होती. भंगारवाल्याला द्यावी, असे घरातल्या सगळ्यांचे मत पडले तेव्हा मी, जी आयुष्यभर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचे हिशेब लिहिण्यापलीकडे कशाला हात लावायला गेले नव्हते, मध्ये पडले. त्यामागे फार मोठी भावना नव्हती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि रिकामपणाची मला भीती वाटत होती.

तर गाडी सुरू होई, पण चोक ओढलेला असेतोवरच. चोक आत सारला की इंजिन घरघरे, एकदोनदा फटकारे मारून बंद पडे. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर चाले, सिग्नलला पाय काढला की गप्प. मेकॅनिकांच्या भाषेत याला ‘स्लो धरत नाही’ म्हणतात, आणि हे ऐकल्यावर शंभरातले नव्वद मेकॅनिक कार्बोरेटर उघडतात. आमच्या जवळच्या गॅरेजवाल्याने तो तीन वेळा उघडला. पहिल्यांदा ‘कचरा होता’, दुसऱ्यांदा ‘पॅकिंग गेले होते’, आणि तिसऱ्यांदा काय होते ते त्याने सांगितले नाही, पण गाडी परत आली ती स्लो धरत होती. धरत होती म्हणजे इतकी रेस होती की पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी गॅलरीत येऊन काय झाले ते विचारले. शिवाय आवाज एकसारखा नव्हता. इंजिन चढे, उतरे, पुन्हा चढे, जणू कोणी बोटाने ॲक्सिलरेटर दाबून सोडत आहे. आणि एक नवे दुखणे सुरू झाले. थंड इंजिन लगेच लागे, पण दहा मिनिटे चालवून बंद केले की पुढची वीस मिनिटे लागायचे नाव घेत नसे. तीन हात नाक्यावर, पुलाखालच्या सिग्नलला, संध्याकाळी सात वाजता माझी गाडी अशी बंद पडली, आणि मागच्या रिक्षावाल्याने आमच्या गाडीच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तेव्हा एका वयस्कर टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकावून सांगितले, ‘चोकला हात लावू नका, ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरा आणि मग सेल्फ मारा.’ गाडी काळा धूर सोडत लागली. पूर्ण दाबून धरल्याने हवेची वाट उघडी राहते आणि आत साचलेले जास्तीचे पेट्रोल बाहेर फेकले जाते. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत नव्हते, उलट ते पेट्रोलात बुडत होते. पंधरा दिवसांपूर्वी याच इंजिनाला चोकशिवाय, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलशिवाय, एक मिनिट चालता येत नव्हते.

पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा करावी लागते, आणि त्यासाठी पीयूसी लागते. पंपावरच्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि संगणकाकडे पाहून मान हलवली. स्लोवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात, या वयाच्या चारचाकीला, कार्बन मोनॉक्साइड जास्तीत जास्त ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम चालते. आमचे आकडे होते ४.१ आणि १९४०. पहिला आकडा सांगतो की मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. दुसरा सांगतो की पेट्रोलचा काही भाग न जळताच बाहेर पडतो आहे, म्हणजे एखादे सिलिंडर मधूनमधून मिसिंग करते आहे. मुलाने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘मावशी, कार्बोरेटर साफ करून आणा.’

तो कागद मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात माझ्या टेबलावर ठेवला होता, आणि समोर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजू जुळवून पाहायचा तक्ता, उघडी होती. हिशेबात सर्वांत त्रासदायक चूक कोणती, असे मला नवीन मुले विचारतात. ती एक नसते, दोन असतात. विक्रीच्या खात्यात कोणी आठशे रुपये कमी धरले आणि दुसऱ्या कोणी खरेदीच्या खात्यात नेमके आठशे कमी धरले, तर तेरीज जुळते आणि सगळे घरी जातात. दोन्ही चुका एकमेकींवर पांघरूण घालून वर्षानुवर्षे झोपून राहतात. त्यातली एक सापडून कोणी दुरुस्त केली की दुसरी उघडी पडते, आणि मग सगळे म्हणतात, काल तर जुळत होते, तुम्ही हात लावल्यावर बिघडले. अशा वेळी शेवटच्या दुरुस्तीच्या मागे धावून उपयोग नसतो. ज्या तारखेपर्यंतचा हिशेब निर्विवाद बरोबर आहे तिथपर्यंत मागे जायचे आणि तिथून एकेक नोंद पुढे आणायची. पीयूसीच्या त्या कागदाकडे पाहताना मला पहिल्यांदा वाटले की माझ्या गाडीत बिघाड नाही, हिशेबाचा घोळ आहे.

अण्णांची गाडी पाहणारे मिस्त्री कळव्याला राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, गॅरेज केव्हाच बंद केले आहे, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते रात्रीचे बाहेर पडत नाहीत. मी त्यांना काका म्हणते, ते मला अजूनही सूनबाई म्हणतात. ते रविवारी सकाळी आले, बॉनेट उघडले, पण पान्ह्यांच्या पिशवीला हात लावला नाही. गाडी सुरू करायला सांगून त्यांनी पाच मिनिटे नुसते ऐकले. मग कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या मिक्श्चरच्या स्क्रूवर पेचकस ठेवून तो हळूहळू आत फिरवत नेला, पार शेवटपर्यंत. काहीही झाले नाही. इंजिन आपले चढत-उतरत चालूच.

‘बघितलंत सूनबाई?’ ते म्हणाले. ‘हा बंद केला की गाडी बंद पडायला पाहिजे. ही पडत नाही. म्हणजे ही या स्क्रूचं ऐकतच नाही, दुसरीकडून खातेय.’

त्या वाक्यात सगळा घोळ आहे, म्हणून तो थोडा उलगडून सांगते. कार्बोरेटरच्या नळीत एक गोल पत्रा आडवा असतो, त्याला बटरफ्लाय म्हणतात. ॲक्सिलरेटरवर पाय नसतो तेव्हा तो जवळजवळ बंद असतो, आणि इंजिन त्याच्या खालून जोरात हवा ओढत असते. त्या ओढीने, पत्र्याच्या खाली असलेल्या एका बारीक भोकातून स्लोपुरते पेट्रोल येते. मिक्श्चरचा स्क्रू याच भोकाच्या तोंडाशी असतो. पत्र्याच्या कडेला अगदी लागून, जरा वर, आणखी दोन-तीन भोके असतात. ती पाय थोडासा दाबला जातो त्या क्षणासाठी, गाडी गुदमरू नये म्हणून. आता कोणी स्लोचा स्क्रू पिळून बटरफ्लायच मुळात जास्त उघडा ठेवला, तर ही वरची भोके कायमची उघडी पडतात, पेट्रोल तिथून येऊ लागते, आणि मिक्श्चरचा स्क्रू बिनखात्याचा मंत्री होतो. आमच्या गाडीत हेच झाले होते. म्हणून रेस जास्त होती, आणि म्हणून स्क्रू फिरवून काही उपयोग नव्हता.

पण गॅरेजवाल्याने स्लोचा स्क्रू एवढा पिळला कशासाठी? कारण त्याशिवाय इंजिन चालत नव्हते. का चालत नव्हते? इथून मागे जायला सुरुवात झाली, आणि काकांची एक अट होती. कार्बोरेटर सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालू करायची, ऐकायचे, लिहायचे, आणि मगच दुसरीला हात लावायचा. ही अट मला इतकी पटली की मी वही आणायला वर धावले.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, चारही सिलिंडरचे मोजले, ते १२६ ते १३२ पीएसआयच्या दरम्यान आले आणि काकांनी समाधानाने मान डोलावली. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, थंड इंजिनावर फीलर गेजच्या पातळ पत्तीने तपासले, एक घट्ट होता तो सैल केला. प्लग काढले, तर दोन काजळी धरलेले काळे आणि दोन जवळजवळ पांढरे. चांगल्या जळणाऱ्या प्लगचा रंग ग्लुकोजच्या बिस्किटासारखा असतो, तसा एकही नव्हता. काळे आणि पांढरे एकाच इंजिनात का, हे तेव्हा कळले नाही, म्हणून वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेलो.

मग प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली, पॉइंट त्याच्याच आत असतात, आणि इथे माझा अख्खा रविवार गेला. पॉइंट म्हणजे दोन लहान धातूच्या टिकल्या, एक स्थिर आणि एक हलती. त्या मिटलेल्या असतात तेव्हा कॉइलमध्ये वीज भरते, उघडतात त्या क्षणी कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे जातो. स्लोवर, मिनिटाला साडेसातशे फेरे धरले तरी, या टिकल्या सेकंदाला पंचवीस वेळा उघडतात आणि मिटतात. हलत्या टिकलीच्या मागे फायबरची एक लहानशी टाच असते, आणि मधल्या चौकोनी दांड्याचे कोपरे त्या टाचेला ढकलून टिकल्या उघडतात. ही टाच घासते. घासली की टिकल्या कमी उघडतात, आणि कमी उघडतात एवढेच नाही तर उशिरा उघडतात. म्हणजे कोणीही टायमिंगला, ठिणगी पडण्याच्या वेळेला, हात न लावता गाडीचे टायमिंग आपोआप मागे पडत जाते. अर्धा मिलिमीटरच्या जरा आत असायला हवे होते ते अंतर आमच्या गाडीत जाड कागदाएवढे उरले होते. वरून एका टिकलीवर लहान टेकाड आणि दुसरीवर त्याच मापाचा खड्डा तयार झाला होता. हा कंडेन्सर, म्हणजे टिकल्यांमध्ये ठिणगी उडू न देणारा भाग, अशक्त झाल्याचा पुरावा. भिंगातून पाहिल्यावर तो खड्डा मला एखाद्या उखडलेल्या रस्त्यासारखा दिसला, आणि घोडबंदर रोडची आठवण झाली, पण ते असो.

नवे पॉइंट आणि कंडेन्सर काकांनी पिशवीतून काढले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी पद्मिनीच्या होत्या तोवर कुर्ल्याला हे सामान चणेफुटाण्यासारखे मिळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली, आणि त्याबरोबर हे सामान विकण्याचे कारणही संपत आले. काकांनी त्या काळात बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवलेले पॉइंट ते आता मोजून देतात. टायमिंग लावायची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. एक बारा व्होल्टचा दिवा, एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या खुंटाला, दुसरे इंजिनाला. इग्निशन चालू ठेवून पुलीवरची खूण जागेवर आणायची आणि डिस्ट्रिब्युटर केसभर केसभर फिरवायचा. टिकल्या ज्या क्षणी विलग होतात त्या क्षणी दिवा लागतो. तो दिवा लागला तेव्हा डिस्ट्रिब्युटर आधीच्या खुणेपासून माझ्या करंगळीच्या नखाएवढा सरकला होता. आणि क्रम इथे महत्त्वाचा आहे. आधी पॉइंट, मगच टायमिंग. उलट केले तर पॉइंटचे अंतर बदलताना लावलेले टायमिंग पुन्हा हलते, आणि आपण दोन्हींच्या मागे दिवसभर फिरत राहतो.

गाडी सुरू केली तर रेस इतकी वाढली की काकांनी लगेच स्लोचा स्क्रू दीड फेरा मागे घेतला. पहिले पांघरूण निघाले. टायमिंग मागे पडल्याने इंजिनात जीव राहिला नव्हता, आणि स्क्रू पिळून तो उसना आणला होता. मी वहीत लिहिले. पण दीड फेरा मागे घेतल्यावर इंजिन पुन्हा थडथडू लागले, आणि चोक जरा ओढला की गुळगुळीत चालू लागले. म्हणजे मूळचे दुखणे, जे माझ्याकडे जुलैमध्ये होते, ते आता उघडे झाले. चोक लागतो याचा अर्थ पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. आणि हवा जास्त असेल तर ती कुठून तरी चोरून येत आहे.

चोरीची वाट शोधायला काकांनी घरातले भांड्यांच्या साबणाचे पाणी मागवले. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात, तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो आगीशी खेळ आहे. बाटलीच्या टोपणाला भोक पाडून त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथे तो इंजिनवर बसतो तिथे, बारीक धार सोडली. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला, बॅटरीकडच्या, पाणी फटीत ओढले गेले आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, सावरला, आणि फट कोरडी होताच पुन्हा बिघडला. दोन काळे आणि दोन पांढरे प्लग यांचाही उलगडा झाला. हवा एका कोपऱ्यातून शिरत असल्यामुळे त्या बाजूच्या सिलिंडरांना ती जास्त मिळत होती. वहीतले प्रश्नचिन्ह मी खोडले.

कार्बोरेटर खाली उतरवला तेव्हा कळले की बुडाचा पत्ता, म्हणजे नटांनी दाबला जाणारा चपटा भाग, वाकलेला आहे. तीन वेळा उघडणाऱ्याने तीन वेळा जोर लावून नट आवळले होते. मऊ धातू, दोन टोकांना ताण, मध्ये फुगवटा. आवळले की गळती थांबेल असे वाटते, आणि आवळण्यानेच ती वाढते. काकांनी माझ्याकडून जुन्या खिडकीची एक काच घेतली, ती सपाट फरशीवर ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला, आणि त्यावर तो पत्ता इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायला मला बसवले. पहिल्या शंभर फेऱ्यांनंतर फक्त दोन टोके चकाकत होती, मधला भाग तसाच काळा. मी दर पन्नास फेऱ्यांनंतर उलटून पाहत होते. चकाकी टोकांकडून आत सरकत होती, ओहोटीच्या वेळी खाडीतली वाळू उघडी पडावी तशी हळूहळू. दोन तासांनी मधला शेवटचा काळा ठिपका गेला तेव्हा माझा खांदा गेला होता. नवे पॅकिंग टाकून नट हातानेच आवळले, आणि मग पान्ह्याने एकेक पाव फेरा, कोपऱ्यागणिक.

गाडी सुरू केली, तर आता ती काळा धूर सोडू लागली. हे अपेक्षित होते, असे मी म्हणणार नाही, पण मला धक्काही बसला नाही. एक चूक काढली की तिची जोडीदार समोर येते. चोरून येणारी हवा बंद झाली, पण ती भरून काढायला कोणीतरी पेट्रोल वाढवून ठेवले होते. काकांनी स्लोचे पेट्रोल मापून सोडणारा स्लो जेट काढला, पितळेचा तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा तुकडा, आणि तो खिडकीकडे धरून मला भोकातून बघायला सांगितले. भोक गोल नव्हते. कचरा काढायला कोणीतरी तार घातली होती, आणि मऊ पितळ घासून ते मोठे आणि लांबट झाले होते. जेट हवेच्या झोताने साफ करायचा असतो, फार तर मच्छरदाणीच्या नायलॉनच्या धाग्याने. हा साफ करणाराच मोठा करून गेला होता, आणि गंमत म्हणजे त्या मोठ्या भोकामुळेच वाकलेल्या पत्त्यातून येणारी हवा झाकली गेली आणि गाडी ‘दुरुस्त’ झाली. गरम इंजिन पुन्हा सुरू न होण्याचे, तीन हात नाक्यावरच्या नाचक्कीचे कारणही तेच. जास्तीचे पेट्रोल आत साचत होते. मूळ मापाचा जेट काकांच्या बिस्किटाच्या डब्यातून निघाला.

आता स्लोचा स्क्रू आणखी मागे गेला, बटरफ्लाय मिटत आला, वरची भोके झाकली गेली. काकांनी पेचकस माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘घ्या, आता मिक्श्चर आत घाला.’ मी फिरवत गेले. अर्ध्या फेऱ्यात इंजिन जड झाले, आणखी पाव फेऱ्यात थडथडले, आणि बंद पडले. दोन महिने जी गाडी बंद पडू नये म्हणून मी धडपडत होते, ती बंद पडल्याचा मला त्या दिवशी जो आनंद झाला तो घरात कोणाला समजावून सांगता आला नाही. पुन्हा सुरू करून स्क्रू बाहेर घेत गेले. इंजिन हलके होत गेले, एका जागी सर्वांत गुळगुळीत झाले, तिथून पुढे पुन्हा जड होऊ लागले. त्या गुळगुळीत जागी थांबवून काकांनी आणखी अगदी थोडा बाहेर घेतला. कारण विचारले तर म्हणाले, ‘आताचं पेट्रोल पातळ आहे.’ त्यांच्या पातळ म्हणण्यामागे रसायन आहे. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू घेऊन येते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणून १९८६ चा जेट तेवढेच इंधन सोडत असला तरी आजच्या मिश्रणात हवा जास्त पडते. इथेनॉल पाणीही ओढून घेते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात पाणी हवेतच असते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून गेलेले असते, म्हणून मी आता आधी एसी पंपाची, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची, लहान दांडी हाताने दहा-बारा वेळा मारून पेट्रोल वर आणते आणि मगच सेल्फ मारते. जुन्या रबरी पाईपही काकांनी बदलायला लावल्या. काढलेली पाईप वाकवली तर बोटांत काळा चिकट थर येत होता.

पीयूसीच्या मुलाने यंत्रातला कागद दोनदा पाहिला. कार्बन मोनॉक्साइड १.६, हायड्रोकार्बन ५८०. ‘मावशी, कार्बोरेटर बदललात का?’ मी हो म्हणाले. पूर्ण गोष्ट सांगायला मागे चार रिक्षा उभ्या होत्या.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. बटरफ्लाय ज्या दांडीवर, म्हणजे स्पिंडलवर, फिरतो तिच्या दोन्ही टोकांना भोके थोडी सैल झाली आहेत, आणि तिथून अजून बारीकशी हवा येते. ती दुरुस्त करायची तर कार्बोरेटर एखाद्या लेथवाल्याकडे देऊन त्या भोकांत बुश, म्हणजे धातूच्या नळकांड्या, बसवून घ्यावे लागेल, आणि काकांच्या विश्वासातला लेथवाला गावी गेला आहे. तोवर काकांनी स्लो पाव फेरा वर ठेवला आहे. म्हणजे एका चुकीवर आम्ही स्वतःच्या हाताने दुसरी पांघरली आहे, आणि या वेळी मी ती नोंदवली आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर, पॉइंटचे अंतर, टायमिंग आणि तारखेच्या खाली, माझ्या अक्षरात लिहिले आहे: ‘स्पिंडल घासलेला. स्लो पाव फेरा जास्त ठेवला आहे. बुश बसवल्यावर कमी करणे.’

काकांनी चष्मा लावून ते वाचले आणि खाली सही करायला माझ्याकडे पेन मागितले.